साक्षीदारांसाठी कॅमेरा निवडताना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेच्या वेळी जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या अशा साक्षीदारांच्या मुलाखती चित्रित कराव्यात, असा विचार आपल्या माजी विद्यार्थ्यांत चालू आहे. त्यासाठी कोणता मिररलेस कॅमेरा घ्यावा, अशी विचारणा आमच्याकडे होते. म्हणून हे टिपण.

दुकानदार प्रथम मेगापिक्सेल सांगतो. तो आकडा छायाचित्रासाठी महत्त्वाचा. फोर-के चित्रणाच्या एका चौकटीस सुमारे ८३ लाख बिंदू पुरतात. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही आवाजास पहिले स्थान देतो. बाहेरचा माइक आणि हेडफोन, दोहोंसाठी जॅक आहे का, हे आधी पाहावे. सोनीच्या झेडव्ही-ई१० मध्ये दोन्ही आहेत. कॅननच्या आर५० मध्ये माइकचा आहे, हेडफोनचा नाही. हेडफोन लावून ऐकले नाही, तर माइक लुगड्याच्या पदराला घासत होता हे घरी परतल्यावर कळते. आणि आजी तीच आठवण पुन्हा तशी सांगत नाहीत.

यानंतर सलग चित्रणाचा प्रश्न येतो. अनेक जुन्या मॉडेलांत चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबते. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा आयातकर लागत असे, त्याचा हा परिणाम. वृद्ध माणसांना मूळ गोष्टीवर यायलाच तेवढा वेळ लागतो. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यांनी ही मर्यादा अवश्य विचारून घ्यावी. शिवाय दीर्घ फोर-के चित्रणात लहान कॅमेरे तापून बंद पडतात, आणि आपल्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. मुलाखती दिवाळीनंतर घ्याव्यात; त्या दिवसांत पंखाही बंद ठेवता येतो. उन्हाळ्यातच घ्यावी लागली, तर फुल एचडी पुरे.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवावे, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणासाठी अधिक पैसे मोजू नयेत. बसून बोलणाऱ्या माणसासाठी तिपाई भागते. वाचलेल्या रकमेत चांगला माइक, जादा बॅटरी आणि दोन हार्डडिस्क घ्याव्यात. १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रणाचा एक तास सुमारे ४५ जीबी जागा व्यापतो. प्रत्येक मुलाखतीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात राहावी, दुसरी त्या कुटुंबास द्यावी.