गोळी पाण्यासोबत घ्या, दूध-चहासोबत नको

आपल्या वस्त्यांत आपण गोळी बऱ्याचदा दुधासोबत नाहीतर चहाच्या घोटाबरोबर घेतो. “गोळी गरम पडते, वर दूध पी,” असे घरातली मोठी माणसे मायेने सांगतात. काही अँटिबायोटिक गोळ्यांच्या बाबतीत मात्र हे महागात पडते.

टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही औषधे पोटात दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात. मग ती रक्तात पुरेशी उतरत नाहीत. पैसे जातात, आजार रेंगाळतो. म्हणून या गोळ्या साध्या पाण्यानेच घ्याव्यात. दूध, दही, ताक, पनीर यांत आगेमागे किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमच्या, रक्तवाढीच्या लोहाच्या किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांनीही हाच अडथळा येतो.

अॅमॉक्सिसिलिन आणि अॅझिथ्रोमायसिनच्या गोळीला दुधाची अडचण नाही. तेव्हा घाबरून लेकरांचे दूध तोडू नका. पाकिटावरचे नाव वाचा. कळले नाही तर औषध दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा, एवढे आम्ही आवर्जून सांगतो.