आभासी संगणक जाळ्यातील स्थिर मार्गनिर्देशन : दोषशोधनाची दिशा

प्रस्तावना : ग्रामीण महाविद्यालयास तीन-चार राउटर विकत घेणे सहसा परवडत नाही. त्यामुळे संगणक जाळ्यांची प्रात्यक्षिके सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरसारख्या आज्ञावलीवर घेतली जातात. पिंग अयशस्वी ठरताच विद्यार्थी सर्व पुसून नव्याने आरंभ करतो. जाळे पुढे चालूही लागते. परंतु दोष कोठे होता, हे त्यास अखेरपर्यंत उमगत नाही.

उदाहरणादाखल दौंड तालुक्यातील राहू, केडगाव व दौंड ही नावे दिलेले तीन राउटर एका ओळीत जोडले आहेत असे समजावे. राहूचे स्थानिक जाळे १९२.१६८.१०.०, दौंडचे १९२.१६८.३०.०, मधल्या दोन जोडण्या १०.०.१.० आणि १०.०.२.०. राउटरला स्वतःस थेट जोडलेली जाळी आपोआप कळतात, उर्वरित सर्व हाताने सांगावी लागतात. स्थिर मार्गनिर्देशन ते एवढेच.

परतीचा मार्ग : राहूच्या संगणकावरून दौंडच्या संगणकास पिंग केले असता उत्तर दोन प्रकारे नाकारले जाते आणि हा भेद फार मोलाचा आहे. केडगावला पुढचा मार्ग ठाऊक नसेल, तर तो स्वतःच्या पत्त्यानिशी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे कळवतो. म्हणजे पॅकेट कोठे अडले ते तोच सांगतो. याउलट नुसते ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले, तर संशय प्रथम परतीच्या वाटेवर घ्यावा. दौंडला १९२.१६८.१०.० चा मार्ग दिलेला नसेल, तर पॅकेट पोहोचते, संगणक उत्तरही देतो, पण ते दौंडच्या राउटरवरच टाकून दिले जाते. त्रुटीची सूचना पॅकेट ज्याने पाठवले त्याला जाते, हा आयसीएमपीचा नियम सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ पासूनचा. उत्तर दौंडच्या संगणकाने पाठवलेले असल्याने सूचना त्यालाच मिळते. राहूस काहीच कळत नाही.

येथे अध्यापकही फसतो. केडगावच्या राउटरवरून तेच पिंग यशस्वी होते, कारण राउटर ज्या बाजूने पॅकेट बाहेर सोडतो त्या बाजूचा, म्हणजे १०.०.२.० मधील, पत्ता प्रेषक म्हणून लावतो आणि ते जाळे दौंडला थेट जोडलेले असते. तेव्हा चाचणी राहूच्या संगणकावरूनच घ्यावी, अथवा राहूच्या राउटरवर विस्तारित पिंगमध्ये स्थानिक जाळ्याचा प्रेषक-पत्ता द्यावा.

‘शो रन’मध्ये दिसणारा मार्ग ‘शो आयपी रूट’मध्ये असेलच असे नाही. पुढील राउटरचा पत्ता चुकीच्या जाळ्यातला असेल किंवा जोडणी ‘शट डाउन’ असेल, तर आज्ञा नोंदलेली राहते, मार्गसारणीत मात्र तो मार्ग येत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत केवळ आज्ञा वाचून गुण देण्याची प्रथा म्हणूनच सदोष ठरते.

पहिले एखाद-दुसरे पिंग वाया जाऊन पुढची यशस्वी होणे हा मात्र दोष नव्हे. तोवर एआरपीद्वारे शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता शोधला जात असतो. त्यासाठी विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत.