डिस्क चालत नाही म्हणजे हार्ड डिस्क गेली का?

जळगावच्या गोलाणी मार्केटात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, बंद पडलेलं मशीन घेऊन आलेला माणूस साधारण हेच सांगतो: "रिकव्हरी डिस्क टाकून पाहिली, तीही चालेना. हार्ड डिस्कच गेली वाटतं. फॉरमॅट मारून टाका." बहुतेक वेळा हार्ड डिस्क गेलेली नसते. पण या समजुतीपायी फॉरमॅट मारला जातो आणि मार्चअखेरचा टॅलीचा सगळा हिशेब पुसला जातो.

डिस्कवरून संगणक सुरू होताना आतल्या विंडोजचा काही संबंधच येत नाही. कुठून सुरू व्हायचं हे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम ठरवतो. जुन्या मशीनवर तो बायोस, साधारण २०१२ नंतरच्या मशीनवर युईएफआय. विंडोज पार उडालेली असो, हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवलेली असो, रिकव्हरी डिस्क तरीही सुरू व्हायला हवी. डेस्कटॉप असेल तर हे लगेच पडताळून पाहता येतं. वीज बंद करून हार्ड डिस्कची केबल काढा आणि डिस्कवरून सुरू करून बघा. आता सुरू झालं, तर दोष हार्ड डिस्कचा, तिच्या केबलचा किंवा नुसत्या बूटच्या क्रमाचा. तरीही सुरू झालं नाही, तर आधी डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि सेटिंग बघायचं.

डिस्क घरी बनवलेली असेल तर ती दुसऱ्या संगणकात उघडून बघा. आत आयएसओ नावाची एकच मोठी फाइल दिसली, तर ती डिस्क कधीच बूट होणार नाही. आयएसओ नुसती कॉपी करून चालत नाही, तिची 'इमेज' बर्न करावी लागते. पेनड्राइव्ह असेल तर रूफससारख्या प्रोग्रॅमनं तो बूटेबल करावा लागतो. नीट बनलेल्या विंडोजच्या डिस्कवर 'बूट', 'ईएफआय', 'सोर्सेस' असे फोल्डर दिसतात. शिवाय साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि विंडोज ११ ची इमेज त्याहून मोठी असते. तिच्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्हच बरा.

"डिस्कवर एक ओरखडा नाही, मग खराब कशी?" घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते आणि हा थर उष्णतेनं, उन्हानं हळूहळू बिघडतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पाच-सहा उन्हाळे काढलेली डिस्क वरून कितीही स्वच्छ दिसली, तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. कंपनीत छापून आलेल्या डिस्कमध्ये असा रंगाचा थर नसतो, म्हणून ती जास्त टिकते.

जूनमध्ये शाळा उघडल्या की संगणक कक्षातली मशीन एकदम "खराब" निघतात, त्यामागे बऱ्याचदा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल असतो. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मेन स्विच चालू असतो तोवर घड्याळाला विजेचा आधार मिळतो. सुट्टीत तो बंद झाला की सारा भार सेलवर पडतो. जुना सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, बूटचा क्रम पुसला जातो आणि कधी हार्ड डिस्कचा 'एएचसीआय' मोडही बदलतो. मग चांगली विंडोजसुद्धा निळा पडदा दाखवते. म्हणून डिस्क टाकायच्या आधी बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. ती चुकलेली असेल तर सेल बदला आणि सेटिंग पूर्वीसारखं करा.

बराच डेटा जातो तो पुढच्या गोंधळात. बूट मेनू उघडला (डेल, लेनोवोच्या बहुतेक मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९) की एकच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो: एकदा नुसता, एकदा नावाआधी 'युईएफआय' लिहिलेला. हे दोन वेगळे रस्ते आहेत. जुन्या पद्धतीनं, म्हणजे एमबीआरवर, बसवलेल्या विंडोजसाठी युईएफआयचा रस्ता धरला, तर पुढे "या डिस्कवर विंडोज बसवता येणार नाही" असा संदेश येतो. तो वाचून लोक सगळी पार्टिशन डिलीट करतात. त्याची काही गरज नसते. मशीन पुन्हा सुरू करून दुसरी नोंद निवडली की बहुधा काम होतं.

"एफ१२ दाबतो, पण काही होत नाही." विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन केलेलं मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोज उघडत असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. आणि डीव्हीडीवरून सुरू होताना कुठलीही कळ दाबा असं पडद्यावर येतं, तेव्हा थोड्याच सेकंदांत दाबावी लागते.

अनोळखी डिस्कवरून मशीन सुरू होऊ न देणारा युईएफआयमधला सिक्युअर बूट हा पहारा लोकांना शत्रू वाटतो. विंडोज ७ ची जुनी डिस्क तो अडवतो हे खरं. पण तो बंद केल्यावर हार्ड डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळताही लागलेलं असतं. ही की पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात असते. दुकानदाराच्या ईमेलनं सुरू करून घेतला असेल तर की त्याच्याकडे! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख मशीन पडली. मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्हवरून दुरुस्तीचं साधन दिलं, तरी ही की हाताशी नसल्यानं अनेक कचेऱ्यांत काम अडलं. की आजच कागदावर लिहून ठेवा.

राहिला "डी ड्राइव्हमधलं सुरक्षित असतं" हा समज. नुसती विंडोज सी ड्राइव्हवर पुन्हा टाकली तर ते खरं. पण लॅपटॉप कंपनीची रिकव्हरी डिस्क मशीन कारखान्यातून आलं तसं करू शकते. त्यात पार्टिशनच नव्यानं पडली तर डी ड्राइव्हही जातो. म्हणून डिस्क सुरू झाली तरी लगेच 'नेक्स्ट' दाबू नका. उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बूटेबल पेनड्राइव्ह लावून 'ट्राय' निवडा. काही न बसवता हार्ड डिस्कवरच्या फाइली दिसतील. बिटलॉकर असेल तर तिथंही की लागेल. आधी त्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन-चार उघडून बघा आणि मगच रिकव्हरीला हात घाला.