जुना दुरुस्त मोबाइल : स्वस्त की महाग?



उसाची नोंद असो, तोडीचा निरोप असो की बँकेत बिल जमा झाल्याचा संदेश, हल्ली सगळे मोबाइलवर येते. ई-पीक पाहणीही २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची आहे. त्यामुळे घरात एक बरा फोन लागतोच. गटात फिरताना सभासद विचारतात, "साहेब, पोरगं मुकुंदवाडीत खोली करून राहतंय. तिथं निम्म्या किमतीत 'रिफर्बिश्ड' फोन मिळतोय म्हणतंय. घ्यावा का?"

रिफर्बिश्ड म्हणजे तपासून, खराब भाग बदलून पुन्हा विक्रीस ठेवलेला जुना फोन. आपण जळालेली मोटार रिवाइंड करून आणतो, तसाच हा प्रकार. काम नीट झाले तर मोटार तीन-चार हंगाम पाणी ओढते. नुसता रंग मारून दिली तर ऐन उन्हाळ्यात बसते. नुसता पुसून ठेवलेला फोन हा सेकंडहँड, रिफर्बिश्ड नव्हे.

आता हिशोब पाहू. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. म्हणजे १२,००० रुपयांचा नवा फोन तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीच सुमारे ३.४ टन ऊस खातो. तो ४ वर्षे चालला तर वर्षाला ३,००० रुपये पडले. जुना फोन ६,००० ला घेतला, वर १,००० ची बॅटरी टाकली आणि तो २ वर्षांत संपला, तर वर्षाला ३,५०० पडले. म्हणजे स्वस्त तोच महाग झाला! तोच फोन ३ वर्षे चालला तर मात्र वर्षाला २,३३३ रुपयेच पडतात. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत.) तेव्हा किंमत नव्हे, उरलेले आयुष्य विचारा.

हे आयुष्य ठरते सुरक्षा अपडेटवर. कंपनी ते ठराविक वर्षेच देते आणि ती मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नव्हे. ज्या खात्यावर उसाचे बिल जमा होते, त्याचा ओटीपी याच फोनवर येतो. अपडेट बंद पडलेला फोन म्हणजे कोयंडा सैल झालेली तिजोरी. दोन वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर बँकेच्या कामासाठी तो फोन घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी एवढे करावे :

१) *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर तो तपासता येतो. चोरीचा फोन बंद करता येतो. तसे झाले तर आपले पैसे बुडाले. क्रमांक बदललेला फोन तर हातात धरू नये. क्रमांकात फेरफार करणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे.

२) दुकानदाराकडून आपल्यासमोर फोन रिसेट करून घ्यावा. आधीच्या मालकाचे गुगल खाते मागितले तर परत करावा. याला दुकानदार 'एफआरपी लॉक' म्हणतात. आपल्या एफआरपीशी त्याचा संबंध नाही!

३) दुकानाबाहेर उघड्यावर येऊन नकाशा लावून पाहावा. ठिकाण बरोबर दाखवीत नसेल, तर पीक पाहणीला तो फोन अडचणीचा. कॅमेरा, चार्जिंग आणि दोन्ही बाजूंचा आवाजही तपासावा.

४) पक्की पावती घ्यावी. तीवर आयएमईआय क्रमांक, बदललेले भाग व हमीचे महिने लिहिलेले असावेत. पावती देत नाही तो दुकानदार कितीही गोड बोलला तरी उठून यावे.

या चारही गोष्टी जमल्या आणि वर्षाचा हिशोब नव्यापेक्षा कमी आला, तर जुना दुरुस्त फोन खुशाल घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. वाचलेले पैसे पुढच्या लागणीच्या बेण्याला आणि खताला उपयोगी पडतील.

– ऊस विकास अधिकारी