टाळता आला असता असा रुग्णालयप्रवेश

चेन्नईतील टी. नगर या भागाचे पूर्ण नाव त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे पुढारी सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने, एका विस्तीर्ण तळ्याची जमीन भरून काढून, १९२० नंतरच्या दशकात हे उपनगर वसविण्यात आले. आज तेथील रंगनाथन रस्त्यावर खरेदीदारांची अशी दाटी असते की, मांबलमच्या स्थानकातून उतरलेला मनुष्य स्वतःच्या पायांनी चालत नाही. गर्दीच त्याला चालविते. या गजबजाटापासून थोड्या अंतरावर, पानगल उद्यानामागील एखाद्या गल्लीत, तंजावरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबातील एका आजीबाईंची आपण कल्पना करू. वय ६८. रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत चालू होती. नातीच्या लग्नाच्या धावपळीत गोळ्या संपल्या, आणि बरे वाटत असल्यामुळे कोणी आणल्या नाहीत. त्यातच लोणची व पापड यांची रेलचेल झाली. एके रात्री डोके जड झाले. जवळच्या दवाखान्यात दाब मोजला, तो २०४ वर ११० भरला. मंडळी घाबरली व आजींना रुग्णालयात दाखल करण्यात आले. दोन दिवसांनी त्या घरी परतल्या.

हा रुग्णालयप्रवेश टाळता आला असता काय?

प्रश्न एक दिसतो, परंतु त्याच्या पोटात दोन आहेत. त्या रात्री आजींना दाखल करणे अवश्य होते काय, हा पहिला. आणि तशी रात्र येऊच न देणे शक्य होते काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर केवळ आकड्यात नाही. रक्तदाब फार चढला आणि त्याबरोबर मेंदू, हृदय, मूत्रपिंड अथवा डोळ्याचा पडदा यांस इजा होऊ लागली, तर ती खरी आणीबाणी होय. वाचा अडखळणे, एक बाजू लुळी पडणे, छातीत कळ येणे, धाप लागणे, दृष्टी अंधुक होणे किंवा भ्रम होणे, अशी लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. परंतु अशी कोणतीही खूण नसेल, तर दाब सावकाश, काही दिवसांत उतरविणेच हितकर ठरते. ज्याचा दाब दीर्घकाळ चढा राहिला आहे त्याच्या मेंदूतील रक्तवाहिन्या त्या चढ्या दाबाशीच जुळवून घेतात. तो एकाएकी खाली आणला की मेंदूस रक्त अपुरे पडते. जिभेखाली निफेडिपीन देऊन दाब झटकन पाडण्याची चाल एके काळी सर्वत्र होती; तिने पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आल्याचे दिसून आल्यावर, १९९६ साली वैद्यकीय नियतकालिकांतून तिच्याविरुद्ध स्पष्ट इशारा देण्यात आला. पुढे २०१६ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील एका मोठ्या रुग्णसंस्थेच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. बाह्यरुग्ण विभागात अतिशय चढा दाब आढळलेल्या ५८,५३५ रुग्णांपैकी केवळ ४२६ जणांना रुग्णालयात धाडले होते. सारख्या प्रकृतीच्या रुग्णांची तुलना करता, घरी पाठविलेल्यांस हृदयाचे वा मेंदूचे गंभीर विकार अधिक झाले नाहीत. आमच्या आजींची तपासणी होऊन इजेची खूण आढळली नसती, तर गोळ्या पुन्हा सुरू करून, दोन-चार दिवसांनी बोलावून घेऊन भागले असते. अर्थात रात्रीच्या डॉक्टरला हे दुसऱ्या दिवशीच्या शहाणपणाने ठरवावयाचे नसते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन बिलिंग्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या मंडळाकडून अशा रोगांची यादी करविली की, ज्यांत वेळेवर साधे उपचार मिळाल्यास रुग्णालयाची पायरी सहसा चढावी लागू नये. उच्च रक्तदाब त्या यादीत होता. मग त्यांनी वस्तीवस्तीनुसार प्रवेश मोजले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात गरीब वस्त्यांतील प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या कैक पट आढळले. ब्राझीलने २००८ साली अशीच राष्ट्रीय यादी केली. ही मोजणी एखाद्या रुग्णाविषयी काहीच सांगत नाही. ती वस्तीच्या दवाखान्यांविषयी सांगते. शिवाय तीत एक खोच आहे. रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाल्याने ज्यास पक्षाघात झाला, त्याची नोंद पक्षाघाताखाली होते, रक्तदाबाखाली नव्हे. जो रुग्णालयात पोहोचलाच नाही त्याची तर कोठेच नाही. तेव्हा आकडा लहान आहे एवढ्यावरून समाधान मानण्याचे कारण नाही.

आणि उपचार वाढले की प्रवेश घटतीलच, असेही नाही. १९९६ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ९ रुग्णालयांतील १,३९६ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेह, फुप्फुसाचा जुनाट विकार व हृदयदौर्बल्य यांच्या त्या रुग्णांपैकी काहींच्या मागे परिचारिका व डॉक्टर यांचे विशेष लक्ष ठेविले. त्यांचे पुनःप्रवेश घटण्याऐवजी वाढले! बारकाईने पाहिले की जास्त आजार नजरेस पडतो, हे त्याचे एक संभाव्य कारण. रुग्ण मात्र अधिक संतुष्ट होते.

म्हणून अनेक संशोधक प्रत्येक रुग्णाचा कागद वाचावयास बसतात, आणि तेथे एकच कागद वाचून दोन डॉक्टर दोन निर्णय देतात. कागदच नसेल तर तेही नाही. या बाबतीत तंजावरचे शरभोजी राजे (१७७७–१८३२) आठवतात. त्यांच्या पदरच्या नेत्रचिकित्सेतील रुग्णांच्या हकीकती, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, लिहून ठेविलेल्या आहेत.

चेन्नईच्या आसपास या दुसऱ्या प्रश्नावर प्रत्यक्ष काम झाले आहे. पूर्वी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात असलेले मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी चेन्नईत किडनी हेल्प ट्रस्टमार्फत जवळपासच्या खेड्यांत एक योजना चालविली. गावातल्याच, शाळा संपविलेल्या मुलींना शिकवून त्यांनी घरोघर धाडले. त्या रक्तदाब मोजीत, आणि लघवी तपासून प्रथिने व साखर पाहत. औषधे मुद्दाम स्वस्त निवडली. त्यांत रिसर्पीन होते. हे सर्पगंधेच्या मुळातून मिळणारे द्रव्य होय. या मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले होते.

५ ऑगस्ट २०२१ रोजी तामिळनाडू शासनाने ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’, म्हणजे ‘लोकांच्या शोधात वैद्यक’, ही योजना सुरू केली. तीत महिला स्वयंसेविका घरी येऊन रक्तदाब मोजतात व रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या पोचवितात. आमच्या आजींच्या दारी अशी बाई लग्नाच्या आठवड्यात आली असती, तर रिकामी डबी तिला दिसली असती. आजींच्या रुग्णालयातील कागदावर दाब आहे, नाडी आहे, दिलेले औषध आहे. गोळ्या कोणत्या दिवशी संपल्या, हे मात्र कोणी विचारलेले नाही.