रिकाम्या दिवसांची वही

नोकरी शोधणाऱ्या मुलाला सगळ्यांत जड दिवस कोणता जातो, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, मंगळवार. मुलाखतीचा दिवस जड नसतो, त्या दिवशी अंगात बळ असतं. नकाराचं पत्र येतं तो दिवसही एक वेळ निभतो. चारचौघांत बोलून मोकळं होता येतं. पण ज्या मंगळवारी कुठे जायचं नाही, कुठून काही यायचं नाही, घरातले सगळे आपापल्या कामाला गेलेत आणि घड्याळात जेमतेम साडेदहा वाजलेत, तो मंगळवार माणसाला खातो. आज मी बोलणार आहे ते या मंगळवाराबद्दल. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसं बसावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. मधल्या दिवसांचं काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

1988 साली मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झालो आणि पहिली नोकरी लागायला मला अकरा महिने लागले. आम्ही कराडला राहत होतो. वडील पोस्टात सॉर्टिंगला होते. पहिले दोन महिने मी जोरात होतो. वाचनालय उघडायच्या आधी दारात उभा असायचो, सगळ्या पेपरांतल्या जाहिराती उतरवून घ्यायचो, रोज दोन-तीन अर्ज पेटीत टाकायचो. तिसऱ्या महिन्यापासून उतरण लागली. उठायला आठ वाजू लागले, मग नऊ. दुपारी झोप, म्हणून रात्री जागरण, म्हणून सकाळी पुन्हा नऊ. आणि एक दिवस मी घरी चक्क खोटं बोललो. साताऱ्याला मुलाखत आहे असं आईला सांगितलं, इस्त्रीचा शर्ट घातला, फाईल काखेत मारली आणि दिवसभर प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचं पाणी बघत बसलो. संध्याकाळी घरी येऊन म्हणालो, "कळवतो म्हणालेत." असं मी तीन वेळा केलं. आळशी होतो म्हणून नव्हे. घरात रिकामं दिसण्याची लाज वाटत होती म्हणून.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकाची ओळख झाली आणि त्या घाटावरच्या दिवसांचा अर्थ लागला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. 1929-30 च्या मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी सहकाऱ्यांसह त्या गावाचा बारकाईनं अभ्यास केला आणि 1933 साली तो प्रसिद्ध केला. गरिबी वाढली हे तर दिसतच होतं. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. लोकांना आता वेळच वेळ होता, गावात वाचनालय होतं, पुस्तकं फुकट मिळू लागली होती, आणि तरीही बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत साधारण निम्म्यावर आली होती! माणसं गावातून कशी चालतात हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत चालत होते. बहुतेकांनी खिशात घड्याळ ठेवणंही सोडून दिलं होतं. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण गिरणी बंद पडली तरी चूल बंद पडली नव्हती.

नोकरी पगार देते, तसा दिवसाला आकारही देते. तो आकार गेला की मोकळा वेळ हाती लागत नाही, नुसता सांडत राहतो. गिरणी बंद पडलेल्या कामगारांचं जे झालं, तेच पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलाचंही होतं. परवापरवापर्यंत कॉलेजचं वेळापत्रक त्याला उठवत होतं. निकाल लागला आणि ते एका दिवसात नाहीसं झालं. आता वेळापत्रक त्यानं स्वतः लावायचं.

ते अवघड नाही, पण थोडं यंत्रवत करावं लागतं. उठायची वेळ कॉलेजच्या दिवसांतली होती तीच ठेवायची. आंघोळ करून घराबाहेर पडायचं आणि ठरलेल्या एकाच ठिकाणी जायचं. वाचनालय, अभ्यासिका, मित्राच्या दुकानाचा माळा, काहीही चालेल. गादीवर बसून अर्ज लिहिता येतात हे मला मान्य आहे. पण गादीवर बसून माणूस अर्ज लिहीत नाही, हे मी पाहिलेलं आहे. नोकरी शोधायला रोज तीन तास पुष्कळ झाले. दिवसभर शोधत राहिलं की जीव शिणतो आणि काम तेवढंच होतं. उरलेल्या वेळात हाताला वळण लागेल असं काहीतरी हवं.

हे मला एका फजितीनं शिकवलं. सहाव्या महिन्यात एका कारखान्यात मुलाखत झाली. फोरमननी विचारलं, मायक्रोमीटरचं लघुत्तम माप किती? मी झटकन सांगितलं, शून्य पूर्णांक शून्य एक मिलिमीटर. त्यांनी एक पिन आणि मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मोज." मी तीन वेळा मोजलं, तीन वेगळी मापं आली. मी थिंबल धरून पिळत होतो. शेवटी रॅचेट फिरवायचा असतो आणि तो टिकटिक वाजला की हात थांबवायचा असतो, एवढं साधं मला ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. अर्थात घरी परत आलो.

त्या रात्री पहिल्यांदा मी वही काढली. काय विचारलं, मी काय सांगितलं, कुठे अडलो, सगळं लिहून काढलं. आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एका लेथवाल्याकडे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, पैसे नकोत, सकाळचे तीन तास येतो, मोजमाप करू द्या. त्यांनी आधी महिनाभर नुसता झाडू दिला. मग मापं. (लेथवर जो तुकडा चढवतात त्याला कामगार 'जॉब'च म्हणतात. मी घरी म्हणायचो, एक जॉब मिळाला, आज दुपारी उतरवला. आईला ते विनोद वाटायचे नाहीत.) पण तीन महिन्यांत माप हाताला बसलं, आणि अर्जात 'काय येतं' याच्यापुढे एक खरं वाक्य लिहिता आलं.

हीच सोय जरा रीतसर हवी असेल तर शिकाऊ उमेदवारी आहे. तिचा कायदा 1961 चा आहे. पदवी आणि पदविकाधारक अभियंत्यांना त्यात 1973 च्या दुरुस्तीनं घेतलं गेलं. विद्यावेतन पगाराएवढं नसतं म्हणून मुलं नाक मुरडतात. पण 'अनुभव असेल तरच या' आणि 'नोकरीशिवाय अनुभव कुठला' ही गाठ सोडवणारा तो सगळ्यांत सरळ उपाय आहे.

पुन्हा वहीकडे येतो. तिच्यात मी रकाने पाडले: तारीख, कुठे, कुणाला, काय पाठवलं, पुन्हा कधी विचारायचं. आलेल्या उत्तरांना रकाना ठेवला नाही. उत्तर देणं त्यांच्या हातात होतं. अर्ज करणं, पंधरा दिवसांनी आठवण देणं, चुकलेलं सुधारणं माझ्या हातात होतं. जे आपल्या हातात नाही त्याची रोज मोजदाद केली की रोज शून्य येतं, आणि शून्य बघून दुसऱ्या दिवशी उठावंसं वाटत नाही. आठवड्याला दहा अर्ज, दोन भेटी, एक पाठपुरावा, एवढं झालं की शनिवारी दुपारी मी वही मिटायचो आणि रविवारी निर्लज्जपणे क्रिकेट खेळायचो. ही सुट्टी कमावलेली असते. नाहीतर बेकाराला सुट्टीही नसते. त्याचे सातही दिवस सारखेच गढूळ.

आता अर्ज मोबाईलवरून जातात. एका बैठकीत पन्नास ठिकाणी बोट दाबता येतं आणि पुष्कळ काम केल्यासारखं वाटतं. पुढे पंचवीसेक वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतल्या, त्यावरून सांगतो: सगळीकडे पाठवलेला एकच अर्ज वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. जाहिरात नीट वाचून लिहिलेले दोन अर्ज त्या पन्नासांना भारी पडतात. आणि एक सावधगिरीची गोष्ट. नोकरी देतो म्हणून अनामत, नोंदणी, गणवेश कशाच्याही नावानं जो आधी पैसे मागतो, त्याला एक रुपया देऊ नका. सात-आठ महिने घरी बसलेला मुलगा अशा वेळी सगळ्यांत भोळा असतो.

मुलींची अडचण वेगळीच आहे. मुलाचा दिवस रिकामा पडतो. मुलीचा दिवस घरचे लोक भरून टाकतात. "घरीच आहेस तर" या तीन शब्दांनी सुरू होणारी कामं संध्याकाळपर्यंत संपत नाहीत. धाकट्याचा अभ्यास, आजीची औषधं, पाहुण्यांचा चहा. आणि वर्षभरात काही जमलं नाही तर स्थळं बघायला सुरुवात होते, म्हणजे तिच्या शोधाला मुदतही लावलेली असते. मारिएनथालच्या बायका भराभर चालत होत्या, पण त्या कामाची वाट कुठल्याही नोकरीकडे जात नव्हती. अशा घरातल्या आईवडिलांना माझी विनंती आहे की, सकाळचे तीन तास तिला घराबाहेर जाऊ द्या. ते तास तिच्या नोकरीचेच आहेत असं समजा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. त्यांचा दिवस बांधलेला असतो, अभ्यासिकेत ते बारा-बारा तास बसतात. त्यांचा धोका दिवसाचा नाही, वर्षांचा आहे. पदं काही शे आणि अर्ज लाखांत, तिथे हुशार मुलंही मागे राहतात. किती वर्षं द्यायची हे पहिल्या वर्षीच लिहून ठेवावं, आणि तो कागद घरातल्या एका माणसाला दाखवावा. चौथ्या वर्षी ते ठरवायला बसलं की मन खरं बोलत नाही.

आता त्या प्रश्नाबद्दल. "सध्या काय करतोस?" या प्रश्नाला भिऊन मी दोन लग्नं आणि एक बारसं टाळलं. तिसऱ्या लग्नाला आईनं ओढूनच नेलं. पंगतीत शेजारी मामांच्या आळीतले एक टेम्पोवाले बसले होते, वर्षातून एखाद्या वेळी दिसणारे. त्यांनी नेमकं तेच विचारलं. पण तोवर माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, "लेथवर मोजमाप शिकतोय, कारखान्यात तपासणीच्या कामाला जागा बघतोय." ते म्हणाले, "मी शिरोलीला कास्टिंग पोचवतो, तिथे एकानं असा पोरगा बघायला सांगितलाय." कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्र्या पुष्कळ, ओतलेला माल मोजून घ्यायला माणूस लागतोच.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की, ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांत आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा शेकडा 17 जणांनाच उपयोगी पडला होता. शेकडा 56 जणांना अधूनमधून भेटणारा, आणि 28 जणांना वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारा. ते लोक आधीच नोकरीत होते, आपल्या नवख्या मुलांना आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी दूरचा माणूस आणतो. याला वशिला म्हणू नका. वशिल्यात माणूस तुम्हाला आत घुसवतो. इथे त्यानं फक्त दार कुठे आहे ते सांगितलं. शिरोलीत मला पुन्हा मायक्रोमीटरच दिला गेला, आणि टेम्पोवाल्यांचं नाव कुणी विचारलंही नाही. ज्यांच्या घरात कारखाना पाहिलेलं कुणी नाही, त्यांनी तर आपल्या शिक्षकांना, दोन वर्षं पुढच्या मुलांना, दुकानदारांना हे एक वाक्य मुद्दाम ऐकवत राहावं.

1989 च्या मे महिन्यात नेमणुकीचं पत्र आलं. दुपारी बाराच्या सुमाराला पोस्टमननं दारात हाक मारून माझ्या हातात दिलं. माझ्या नावाचं टपाल वडिलांच्या हाताखालूनच जात होतं. कुठून उत्तर आलं, कुठून आलं नाही, आणि साताऱ्याहून मुलाखतीचं बोलावणं कधी आलंच नव्हतं, हे त्यांना अकरा महिने ठाऊक होतं. त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते पत्रही त्यांनी सकाळी सॉर्टिंगमध्ये पाहिलं असणार; पाकिटावर कारखान्याचा शिक्का होता. पण बटवडा पोस्टमननंच करायचा असतो. संध्याकाळी सहाला घरी आले, चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि टॉवेल खांद्यावर टाकत मला म्हणाले, "आज काही टपाल?"