पाळी लांबते? पिशवी काढायच्या आधी रक्त तपासा



बचतीचा हिशेब संपला, रजिस्टर मिटलं की बैठकीत एखादी ताई हळूच विचारते, "पोरीची पाळी दोन-दोन महिने येत नाही. वजन वाढलंय, हनुवटीवर केस येतात. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. आता पिशवी काढावी लागंल का?"

नाही. या त्रासाला पीसीओएस म्हणतात. काही जण पीसीओडी म्हणतात. त्या 'गाठी' कॅन्सरच्या नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात. मूळ बिघाड गर्भपिशवीत नसतोच, त्यामुळे ती काढून हा आजार जात नाही.

आपल्या जिल्ह्यात हे मोठ्यानं सांगायला हवं. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती पाहिली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कारणं वेगवेगळी असतील, पण पाळीच्या प्रत्येक तक्रारीला ऑपरेशन हा उपाय नाही.

मग बिघाड कुठं?

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. ती पेशींनी आत घ्यावी म्हणून इन्सुलिन त्यांना हाक मारतं. काहींच्या पेशींना ही हाक नीट ऐकू येत नाही, मग शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, म्हणजे आणखी मोठ्यानं हाक मारतं. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, केस आणि मुरूम येतात. पोटावरची चरबी वाढली की पेशी अजून बहिऱ्या होतात. म्हणून "आळशी आहे, नुसती खाते" असं पोरीला बोलू नका.

बारीक बाईलाही हे होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचं उंचीच्या मानानं वजन सारखंच होतं. पण चरबी युडकिन यांच्या अंगात सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१ टक्के निघाली. हे २००४ साली छापून आलं. म्हणून नुसता वजनकाटा पाहू नका, टेपनं कंबरही मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. मान किंवा काखेतली कातडी काळी, जाडसर होणं हीसुद्धा खूण आहे.

डॉक्टरांना कोणत्या तपासण्या विचारायच्या?

- उपाशीपोटी साखर : १०० च्या आत चांगली. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची पायरी. १२६ च्या पुढे मधुमेहाची शंका, पुन्हा तपासावं लागतं.
- तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) : ५.७ च्या आत चांगली, ६.५ पासून मधुमेह.
- चरबीची तपासणी : ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) ५० च्या वर हवं.
- थायरॉईड : पाळी त्यामुळंही बिघडते.
- बीपी : दर भेटीत.

नुकती पाळी सुरू झालेल्या मुलीला नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवत नाहीत.

घरी काय करता येईल?

७० किलो वजन असेल तर साडेतीन किलो, म्हणजे पाच टक्के कमी झालं तरी पुष्कळींची पाळी सुधारते. उपास करून नाही. दिवसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे होतात, ती आधी निम्मी करा. ताटात मटकी, हुलगे, पालेभाजी वाढवा, भात कमी घ्या. ज्वारी-बाजरीची भाकरी चालते, पण मोजून. रोज अर्धा तास झपाझप चाला.

औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या, शेजारणीची गोळी नको. तीन महिने पाळी आली नाही तर थांबू नका. आतलं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही. पीसीओएस असलं तरी उपचारानं मूल होऊ शकतं, हे सासूबाईंनाही सांगा.

दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याला निघायच्या आधी आष्टीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. आशाताईंना सोबत न्या. रिपोर्ट पिशवीत घालून बरोबर ठेवा. कुणी ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.